प्रकाशाचे पाट आणि त्यांची दारं: प्रोग्रामेबल फोटॉनिक चिपविषयी सविस्तर उत्तर

विचारलेला प्रश्न असा: "मी ई अँड टीसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एफपीजीएवर मिनी प्रोजेक्ट केलाय. प्रकाशावर चालणारी एक चिप असते, ती हवी तशी प्रोग्राम करता येते आणि तीच कधी फिल्टर, कधी स्विच, तर कधी गणित करणारं यंत्र होते, असं वाचलं. हे खरंच एफपीजीएसारखं आहे का? कोड टाकला की काम बदलतं? याने जीपीयू मागे पडतील का? आणि यात यायचं तर काय शिकू?"

मी चौदा वर्षं सिलिकॉन फोटॉनिक्समध्ये, म्हणजे सिलिकॉनच्या चिपवर प्रकाश खेळवण्याच्या तंत्रात, काम करतोय. त्यातली मागची आठ वर्षं अशाच चिप मोजण्यात आणि त्यांचं कॅलिब्रेशन करण्यात गेली. तुझं वय माझ्या भाचरांएवढं, म्हणून सरळ 'तू' म्हणतो.

हो, चिप तीच राहते आणि काम बदलतं. पण कोड टाकणं आणि काम बदलणं या दोहोंच्या मध्ये मोजमापाचं एक मोठं काम असतं. एफपीजीए, म्हणजे कोडने हवी तशी जोडणी करता येणारी इलेक्ट्रॉनिक चिप, वापरणाऱ्याला ते कधी दिसत नाही, कारण तिथे त्याची गरजच पडत नाही. प्रकाशात मात्र सगळा खेळ त्यावरच उभा आहे. उत्तरातला बराच भाग मी त्यालाच देणार आहे.

आधी चिपच्या आत काय असतं ते बघू.

मी राहुरी तालुक्यातला. मुळेच्या कालव्याला आवर्तन सुटलं की रात्री-बेरात्री फावडं घेऊन दारं धरायला जावं लागायचं. चारीतून शेताच्या पाटात आणि पाटातून सऱ्यांत पाणी घ्यायचं. पाट एकदा पाडलेले असतात, ते रोज बदलत नाहीत. कुठलं दारं मोडायचं आणि कुठलं मातीने बुजवायचं, एवढंच हातात असतं, आणि तेवढ्यावर आज पाणी उसाला जाणार की घासाला हे ठरतं. प्रोग्रामेबल फोटॉनिक चिप म्हणजे असेच प्रकाशाचे पाट. ते कारखान्यात एकदाच कोरले जातात. नंतर बदलतात ती फक्त दारं.

या पाटाला वेव्हगाइड म्हणतात. सिलिकॉनची एक पट्टी, साधारण ४५० ते ५०० नॅनोमीटर रुंद आणि २२० नॅनोमीटर उंच, काचेच्या थरावर बसवलेली. सिलिकॉनचा अपवर्तनांक ३.५च्या आसपास आणि काचेचा १.४४. हा फरक एवढा मोठा आहे की १.५५ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश त्या पट्टीला धरून राहतो, अगदी काही मायक्रोमीटर त्रिज्येच्या वळणावरसुद्धा. दोन पट्ट्या एकमेकींच्या दोनशे-अडीचशे नॅनोमीटर जवळ आणल्या की प्रकाश एकीतून दुसरीत झिरपू लागतो. लांबी नीट निवडली तर बरोबर निम्मा इकडे, निम्मा तिकडे. हा झाला कपलर.

आता दारं. ते आहे माख-झेंडर इंटरफेरोमीटर. लुडविग झेंडर यांनी १८९१ मध्ये आणि लुडविग माख यांनी १८९२ मध्ये आरशांच्या मांडणीचं जे उपकरण मांडलं, त्याचीच ही चिपवरची धाकटी बहीण. पहिला कपलर प्रकाश दोन भुजांत निम्मा-निम्मा वाटतो, दुसरा कपलर दोन्ही भुजा पुन्हा एकत्र आणतो. एका भुजेच्या वर धातूची बारीक पट्टी असते, तो हीटर. हीटरमधून करंट सोडला की खालचं सिलिकॉन तापतं, त्याचा अपवर्तनांक वाढतो आणि त्या भुजेतला प्रकाश किंचित मागे पडतो. म्हणजे त्याची फेज बदलते, शाळेच्या पुस्तकातली 'कला'. फेजचा फरक शून्य असेल तर सगळा प्रकाश समोरच्या पाटात ओलांडून जातो. फरक अर्ध्या तरंगाचा झाला की सगळा प्रकाश आपल्याच बाजूला राहतो. मधल्या कुठल्याही फरकाला हवं ते प्रमाण मिळतं: ३०-७०, १०-९०, काहीही.

शेतातली उपमा इथपर्यंतच चालते. दोन पाटांचं पाणी एकत्र आलं तर तिथे कोरड कधीच पडत नाही, प्रकाशाच्या बाबतीत पडते. व्यतिकरणामुळे दोन उजेड मिळून अंधार होऊ शकतो. या चिपची सगळी ताकद त्यातच आहे, आणि आमच्या अडचणीही.

हीटर किती तापवावा लागतो हे तुझं तूच काढू शकतोस किंवा शकतेस. सिलिकॉनचा अपवर्तनांक दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०००१८ ने वाढतो. हीटर १०० मायक्रोमीटर लांब धर. अर्ध्या तरंगाएवढं मागे पाडायचं म्हणजे ०.७७५ मायक्रोमीटर, ते १००वर पसरलं तर अपवर्तनांकात ०.००७७५ एवढा बदल हवा. त्याला ०.०००१८ ने भाग, उत्तर ४३ अंश. साध्या हीटरला एवढ्यासाठी वीसेक मिलिवॅट लागतात. काचेच्या थराखालचं सिलिकॉन कोरून काढलं, म्हणजे उष्णता खाली पळून जात नाही, तर काही मिलिवॅटमध्येही भागतं. वेग मायक्रोसेकंदांतला, फार तर काही दहा मायक्रोसेकंदांचा. इलेक्ट्रॉनिक्सच्या मानाने हे मंद वाटेल. पण लक्षात घे, हा वेग दारं हलवण्याचा आहे. दारं एकदा लागली की आतून जाणारा प्रकाश आपल्या वेगाने जातो, त्यावर सेकंदाला अब्जावधी बिट लादलेले असले तरी.

अशी पुष्कळ दारं जाळ्यासारखी जोडली की प्रोग्रामेबल चिप तयार. जाळी दोन जातींची असते, आणि हा फरक नीट समजला की वाचताना गोंधळ होत नाही.

पहिल्या जातीत प्रकाश डावीकडून येतो, उजवीकडे जातो, मागे कधी वळत नाही. १९९४ मध्ये मायकेल रेक, अँटोन झाइलिंगर (हेच पुढे २०२२ च्या नोबेलचे मानकरी) आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्रिकोणी रचनेत पुरेशी दारं लावली तर कुठलीही युनिटरी मॅट्रिक्स (म्हणजे एकूण प्रकाश कमी-जास्त न करणारी) प्रकाशात उभी करता येते. २०१६ मध्ये विल्यम क्लेमेंट्स आणि ऑक्सफर्डच्या मंडळींनी तेच काम आयताकृती, निम्म्या लांबीच्या जाळीत बसवलं. पाटांची संख्या N असेल तर दारं लागतात N(N−1)/२, आणि या जाळीत दर दाराला फेज लावणारे दोन हीटर: एक भुजेवर, एक दाराबाहेर. सहा पाटांना पंधरा. २०१५ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या गटाने नेमकी अशी सहा पाटांची, पंधरा दारांची आणि तीस हीटरची चिप दाखवली आणि त्या एकाच चिपवर क्वांटम ऑप्टिक्सचे वेगवेगळे प्रयोग केले. बारावीत मॅट्रिक्सचा गुणाकार केला होतास ना, ही जाळी तोच करते. आत येणारे प्रकाशाचे आयाम (ॲम्प्लिट्यूड) म्हणजे स्तंभ, दारांची मांडणी म्हणजे मॅट्रिक्स, बाहेर येतो तो गुणाकार.

दुसऱ्या जातीत प्रकाशाला मागे वळायची, गोल फिरायची मुभा असते. २०१५ मध्ये लेमेंग झुआंग आणि नेदरलँड्समधल्या सहकाऱ्यांनी सिलिकॉन नायट्राइडमध्ये चौकोनी घरांची छोटी जाळी केली. २०१७ मध्ये व्हॅलेन्सियाच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात डॅनियल पेरेझ, इव्हाना गासुल्ला, होसे कापमानी यांच्या गटाने षटकोनी घरांची जाळी दाखवली. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सात घरं, तीस दारं, आणि तेवढ्यात वीसपेक्षा जास्त वेगवेगळी कामं. याच विद्यापीठातून पुढे आयप्रॉनिक्स ही कंपनी निघाली.

माझा जीव या दुसऱ्या जातीवर आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो.

एक षटकोन घे. त्याच्या सहाही बाजूंना एकेक दारं आहे. पाच दारं अशी लाव की प्रकाश षटकोनाच्या आतच फिरत राहील, आणि सहाव्यातून थोडा प्रकाश आत येऊ दे, थोडा बाहेर जाऊ दे. झाला रिंग रेझोनेटर. प्रत्येक बाजू साधारण एक मिलिमीटर, म्हणजे फेरा सहा मिलिमीटरचा. सिलिकॉनच्या पट्टीत प्रकाशाचा स्पंद निर्वातापेक्षा सुमारे ४.२ पट हळू जातो, तेव्हा एका फेरीला ८४ पिकोसेकंद. जी वारंवारता फेरीत नेमकी बसते तीच टिकते, बाकीची आपोआप मरते. त्यामुळे बाहेर कंगव्यासारखा आलेख दिसतो आणि दोन दातांमधलं अंतर येतं सुमारे १२ गिगाहर्ट्झ. हा फिल्टर. आता सहाव्या दाराचं प्रमाण बदल, कंगव्याचे दात अरुंद किंवा रुंद होतात. शेजारच्या षटकोनातही रिंग कर आणि दोन्ही जोड, दातांचा माथा सपाट होतो, म्हणजे अधिक चांगला फिल्टर. रिंग मोडून तीच दारं सरळ वाटेने लाव, तर तो झाला विलंबाचा पाट: साधारण सात सेंटिमीटर चाललं की एक नॅनोसेकंद. दोन वाटा असमान लांबीच्या ठेवून शेवटी जोड, आणखी एका प्रकारचा फिल्टर. चार आत, चार बाहेर अशी जोडणी कर, स्विच. हे सगळं करताना चिपला कुणी हात लावलेला नसतो. हीटरच्या व्होल्टेजचे आकडे बदललेले असतात, बस्स.

पण 'हवं ते' याला एक मर्यादा आहे आणि ती जाहिरातींत सापडत नाही. बाजूची लांबी एकदा ठरली की त्याहून बारीक काम होत नाही. सहा मिलिमीटरपेक्षा लहान फेरा या जाळीत बसतच नाही, त्यामुळे १२ गिगाहर्ट्झपेक्षा विरळ कंगवाही साध्या रिंगने मिळत नाही. बाजू आखूड करायची तर त्यात दोन कपलर आणि हीटर मावले पाहिजेत. पाटांचं आहे तेच इथेही आहे. सरीची रुंदी पेरणीआधी ठरते, पाणी देताना नाही.

आता तुझा मुख्य प्रश्न, एफपीजीएशी तुलना. पहिला बाजारी एफपीजीए झायलिंक्सचा, १९८५ चा, त्यात ६४ लॉजिक ब्लॉक होते. तिथपासून आजपर्यंत एक गोष्ट बदललेली नाही. प्रत्येक गेट आपल्याकडे आलेला सिग्नल पुन्हा स्वच्छ शून्य किंवा स्वच्छ एक करून पुढे देतं. वाटेत थोडा गोंगाट आला तरी पुढच्या गेटवर धुऊन निघतो. म्हणून तुझा व्हेरिलॉग कोड माझ्या बोर्डावर जसाच्या तसा चालतो.

प्रकाशाच्या जाळीत असं धुणारं कुणी नाही. सगळं ॲनालॉग. प्रत्येक दाराची चूक पुढच्या दाराकडे जाते आणि साचत राहते.

नुकसानाचा हिशोब कर. एका दारात पाव डेसिबल गेला असं धरू, हा आकडा वाईट नाही. चाळीस दारं ओलांडली की १० डेसिबल, म्हणजे प्रकाश दहावा हिस्सा उरला. फायबरमधून चिपवर प्रकाश उतरवायला ग्रेटिंग कपलर वापरला तर जाताना सुमारे ३ डेसिबल, येताना ३. एकूण १६ डेसिबल. चाळीस भाग पाठवले, हाती आला एक. चिप आकाराने मोठी करत जाण्याला पहिला अडसर हाच आहे, हीटरची वीज किंवा तारांची संख्या नंतर. सिलिकॉन नायट्राइडमध्ये नुकसान फारच कमी होतं. पण त्याचा अपवर्तनांक तापमानाने सिलिकॉनच्या सुमारे सातव्या-आठव्या हिश्श्यानेच बदलतो, त्यामुळे हीटर लांब आणि वीज जास्त. एका बाजूने मिळालं की दुसऱ्या बाजूने जातं.

कपलरची चूक घे. ५०-५० हवा होता, ४५-५५ झाला. दारातले दोन्ही कपलर तसेच असतील तर ओलांडून जास्तीत जास्त प्रकाश किती जातो? ४ × ०.४५ × ०.५५ = ०.९९. एक टक्का प्रकाश नको तिथे गळतो, आणि हीटर कितीही फिरवला तरी ती गळती बंद होत नाही. एक टक्का म्हणजे २० डेसिबल, स्विचसाठी हे पुरत नाही. यावर स्टॅनफर्डच्या डेव्हिड मिलर यांनी २०१५ मध्ये फार सुरेख उपाय मांडला: कपलरच्या जागीच एकेक छोटं दारं बसवा, म्हणजे कपलरची चूकही प्रोग्रामने दुरुस्त करता येईल. सदोष भागांतून निर्दोष यंत्र. मला हा विचार आजही भावतो. अर्थात त्याने हीटर आणि तारा आणखी वाढतात.

आणि आता कॅलिब्रेशन.

कारखान्यातून दोन चिप सारख्या येत नाहीत. पट्टीची रुंदी एखाद्या नॅनोमीटरने इकडे-तिकडे झाली तरी अपवर्तनांक बदलतो, आणि मिलिमीटरभर लांबीत त्या सूक्ष्म फरकाची फेज एवढी साचते की दोन्ही भुजा सुरुवातीला कुठे उभ्या आहेत हे सांगता येत नाही. म्हणजे चिप पहिल्यांदा चालू करशील तेव्हा प्रत्येक दारं कुठेतरी अर्धवट उघडं असतं, आणि किती ते माहीत नसतं. म्हणून एकेका हीटरचं व्होल्टेज हळूहळू चढवायचं, बाहेर पडणारा प्रकाश मोजायचा आणि त्या दाराचा वक्र काढायचा. फेज विजेच्या प्रमाणात वाढते, म्हणजे व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात, आणि तापलेल्या हीटरचा रोधही बदलतो, तेही धरायचं. जाळीच्या पोटातल्या दारापर्यंत पोचायला आधी वाटेतली दारं कळलेली असावी लागतात. त्यामुळे क्रम चुकला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मी पहिल्यांदा साठेक हीटरची चिप हातात घेतली तेव्हा तीन रात्री बसून प्रत्येक दाराचा वक्र काढला. एकेक हीटर चालू, बाकी बंद. वक्र इतके देखणे आले की मी ते छापून भिंतीवर लावले. चौथ्या दिवशी सगळे आकडे एकदम टाकून चार बाय चारचा स्विच लावला. प्रकाश भलत्याच दारांतून बाहेर. मला वाटलं वायर बाँड तुटला असेल. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक तार पाहिली, सगळ्या शाबूत. ड्रायव्हर बोर्ड बदललं, तेच. दोन आठवडे असे गेले. शेवटी एका संध्याकाळी सहज म्हणून चिपच्या एका टोकाचा हीटर चालू केला आणि दुसऱ्या टोकाच्या दाराचा प्रकाश बघत बसलो. तो हलला.

सिलिकॉन उष्णता उत्तम वाहून नेतं. आख्खी चिप म्हणजे एक तवा. एका कडेला विस्तव लावला तर दुसरी कड गार राहत नाही. एकेकटा मोजलेला वक्र तेवढ्यापुरता खरा होता. साठ हीटर एकत्र पेटले तेव्हा प्रत्येक दाराला बाकीच्या एकोणसाठांची धग लागत होती. याला थर्मल क्रॉसटॉक म्हणतात. शब्द मला आधी माहीत होता. तो आकड्यांत केवढा असतो हे त्या संध्याकाळी कळलं.

उपाय तुझ्याच अभ्यासक्रमात आहे. कुठला हीटर कुठल्या दाराला किती ढकलतो याची साठ बाय साठची मॅट्रिक्स मोजायची आणि तिची व्यस्त मॅट्रिक्स वापरून, हव्या त्या फेजसाठी सगळे हीटर मिळून किती पेटवायचे ते काढायचं. चिप तांब्याच्या ठोकळ्यावर बसवायची, खाली थर्मोइलेक्ट्रिक कूलर, शेजारी थर्मिस्टर आणि तापमान एका जागी धरून ठेवणारा पीआयडी कंट्रोलर. खोलीच्या एसीची झुळूकसुद्धा मोजमापात दिसते. कारण सिलिकॉनची रिंग एका अंशाला ८ ते १० गिगाहर्ट्झ सरकते आणि आपल्या कंगव्याच्या दोन दातांत अंतरच १२. एक अंश चुकला की फिल्टर जवळजवळ पुढच्या दातावर जाऊन बसतो.

हे सगळं झाल्यावर कुठे 'प्रोग्राम' हा शब्द वापरता येतो. तू लिहिशील: 'सतरावं दारं ३० टक्के'. खाली या चिपपुरता एक तक्ता असेल, तो त्या तीस टक्क्यांचे व्होल्ट करेल. दुसऱ्या चिपवर तुझी ओळ तीच राहील, तक्ता बदलेल. एफपीजीएत हा मधला थर जवळपास अदृश्य आहे, इथे तोच सर्वांत महाग आणि सर्वांत कच्चा आहे. या क्षेत्रात पाट कोरणारे हुशार लोक पुष्कळ आहेत. दारं धरणारे कमी आहेत. मला सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच.

चिपने स्वतःच स्वतःला लावून घ्यावं, असाही प्रयत्न आहे. मिलर यांनीच २०१३ मध्ये अशी पद्धत दिली: प्रत्येक दाराजवळ एक प्रकाशमापक ठेवा, आणि तिथला प्रकाश सर्वांत कमी होईपर्यंत एकेक दारं क्रमाने फिरवा. आकडेमोड जवळजवळ नाहीच. अडचण ही की मापकाने मोजायला थोडा प्रकाश पिऊन टाकला तर नुकसान वाढतं. मिलानच्या पॉलिटेक्निकमधल्या फ्रान्चेस्को मोरिकेत्ती आणि आंद्रेया मेल्लोनी यांच्या गटाने पट्टीला न शिवता, तिच्या विद्युतवाहकतेत होणारा किंचित बदल ओळखून प्रकाश मोजायची युक्ती काढली.

दारांसाठी हीटरशिवाय आणखी वाटा आहेत: स्थिरविद्युत बलाने हलणारे सूक्ष्म यांत्रिक भाग, पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडीत असतात तशी अवस्था बदलणारी द्रव्यं, लिथियम नायोबेट. पहिल्या दोन जातींत दारं लागलेलं धरून ठेवायला वीज जवळजवळ लागत नाही, तिसरीत वेग प्रचंड मिळतो. पण पुष्कळ दारं, कमी नुकसान, खात्रीचं उत्पादन हे तिन्ही एकत्र आजही हीटरवरच जमतं, म्हणून मी नवख्याला तिथूनच सुरुवात करायला सांगतो.

जीपीयूचं काय? २०१७ मध्ये एमआयटीच्या गटाने ५६ माख-झेंडर दारांच्या चिपवर न्यूरल नेटवर्क चालवून बोललेले स्वर ओळखून दाखवले. अचूकता ७६.७ टक्के, साध्या संगणकावर तेच ९१.७ टक्के. मधला फरक कुठून आला हे आता तुला सांगायला नको. फेजच्या आणि उष्णतेच्या चुका. मॅट्रिक्सचा गुणाकार प्रकाशात जवळजवळ फुकट होतो हे खरं. पण आकडे प्रकाशावर चढवायला डीएसी (आकड्याचं व्होल्टेज करणारा) लागतो, उतरवायला फोटोडायोड आणि एडीसी (व्होल्टेजचा पुन्हा आकडा करणारा), वीज तिथे जाते. शिवाय गुणाकारानंतरची नॉनलिनिअर पायरी प्रकाश स्वतःहून करत नाही. त्या प्रयोगातून निघालेल्या लाइटमॅटर या कंपनीने पुढे चिपा-चिपांमध्ये प्रकाशाने माहिती नेण्यावर मोठा भर दिला. माझंही मत तेच आहे. जीपीयूची जागा घेण्याऐवजी हजारो जीपीयूंना जोडणारे स्विच म्हणून या चिप आधी कामाला लागतील. त्याच्या बरोबरीने रेडिओ सिग्नलचे फिल्टर, जिथे एकच चिप वेगवेगळ्या बँडसाठी लावता येते. आणि क्वांटम प्रयोग: नेदरलँड्समधल्या क्विक्स क्वांटमने २०२२ मध्ये वीस पाटांचा प्रोसेसर दाखवला आहे.

काम करायला परदेशीच जायला हवं असं नाही. आयआयटी मद्रासमध्ये याच विषयाला वाहिलेलं केंद्र आहे, सेंटर फॉर प्रोग्रामेबल फोटॉनिक इंटिग्रेटेड सर्किट्स अँड सिस्टिम्स. प्रा. बिजॉय कृष्ण दास ते चालवतात आणि केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचा त्याला पाठिंबा आहे. बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये सेन्स (सेंटर फॉर नॅनो सायन्स अँड इंजिनिअरिंग) या विभागात सिलिकॉन फोटॉनिक्सचं चांगलं काम होतं.

शिकायचं काय? मॅक्सवेलच्या समीकरणांनी घाबरू नकोस, ती लागतील तेव्हा लागतील. आधी लिनिअर अल्जेब्रा पक्कं कर, कंट्रोल सिस्टिम मनापासून कर, ऑप-ॲम्प आणि डीएसीचं बोर्ड स्वतः सोल्डर करून बघ, पायथन येऊ दे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा एडेक्सवरचा सिलिकॉन फोटॉनिक्स डिझाइनचा कोर्स चांगला आहे. चिपचा नकाशा काढायला केलेआउट आणि जीडीएसफॅक्टरी, दोन्ही मोफत. आणि कधी प्रयोगशाळेत पाऊल टाकलंस तर दोन सवयी पहिल्या दिवसापासून लाव: फायबरचं टोक पुसल्याशिवाय जोडायचं नाही, आणि १.५५ मायक्रोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, म्हणून लेझर बंद आहे हे मीटरवर पाहिल्याशिवाय टोकाकडे बघायचं नाही.

तोपर्यंत घरबसल्या हे कर. नमपायमध्ये (पायथनच्या गणिताच्या लायब्ररीत) एका दाराची दोन बाय दोनची मॅट्रिक्स लिही: फेज, कपलर, फेज, कपलर. तशी सहा दारं क्लेमेंट्सच्या मांडणीत जोडून चार पाटांची जाळी कर, बाहेर पडताना प्रत्येक पाटाला आणखी एकेक फेज दे आणि एखादी युनिटरी मॅट्रिक्स तिच्यात बसव. ती बरोबर बसली की प्रत्येक कपलरमध्ये दोन टक्क्यांची यादृच्छिक चूक घाल आणि उत्तर किती बिघडतं ते पाहा. मग दारांच्या बारा फेजसाठी बारा बाय बाराची क्रॉसटॉकची मॅट्रिक्स घाल, कर्णावर १, शेजाऱ्यांना ०.०५, आणि पुन्हा पाहा. शेवटी तिची व्यस्त मॅट्रिक्स लावून किती सुधारतं ते मोज. कपलरची चूक या शेवटच्या पायरीने जात नाही, उष्णतेची जाते, आणि दोन्ही चुका एकत्र असताना कुठली कुठे आहे हे फक्त बाहेरच्या चार आकड्यांवरून ओळखायचा प्रयत्न कर. तिथे अडलास किंवा अडलीस की आलेख घेऊन ये, मग कुठलं दारं आधी मोजायचं आणि का, ते आपण सोबत बसून बघू.